खुब्याची खोबण
जन्मतः निखळलेला खुबा उपचाराने जागी बसला, की ‘पोर तर धावते आहे, आता दवाखाना कशाला?’ असे वडीलधारी मंडळी म्हणू लागतात. परंतु मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत स्थिर राहिला, तरच ती उथळ खोबण खोल होत जाते. आणि या वाढीचा मुख्य जोर पहिल्या ४-५ वर्षांतच असतो. म्हणून चेक डॉक्टर आर्नोल्ड पाव्हलिक यांनी १९४० च्या दशकात योजिलेले, मांड्या फाकवून ठेवणारे पट्टे तान्हेपणीच बांधतात. तरीही काहींची खोबण उथळच राहते. ती बालपणी सहसा दुखत नाही. पुढे मात्र सांधा अकाली झिजवते. वेळीच कळल्यास शस्त्रक्रियेने ती सुधारता येते. यास्तव हाडांची वाढ पुरी होईपर्यंत नेमून दिलेली क्ष-किरण-तपासणी सुज्ञ आईबापांनी चुकवू नये.