एकवीस मिलिमीटरची आगगाडी

डब्लिनहून उत्तरेकडे जाणारी लोकल मॅलाहाइडला थांबते. स्टेशनाबाहेर आले की जवळच गवताने शाकारलेले एक जुने, टुमदार घर लागते. त्याचे नाव ‘कसिनो’. उभी हयात बँकेत काढलेल्या माणसाला हे नाव वाचून जरा कसेसेच होते. पण तिथे जुगार नाही. इटालियन भाषेत त्याचा मूळ अर्थ ‘लहानसे घर’ एवढाच. आत आहेत आगगाड्या. लेकीकडे गेलो होतो, तेव्हा नातवाला दाखवायच्या निमित्ताने मी तिथे गेलो. नातू अर्ध्या तासात कंटाळला आणि आईबरोबर आईस्क्रीम खायला बाहेर पडला. मी आतच राहिलो.

काचेमागच्या त्या गाड्या सिरिल फ्राय या गृहस्थाने घडवलेल्या. जन्म १९०५चा. डब्लिनच्या इंचिकोर या रेल्वे कारखान्यात हा माणूस नकाशे, आराखडे काढायच्या कामावर होता. दिवसभर खऱ्या इंजिनांची चित्रे काढायची आणि घरी आले की चर्चटाउनमधल्या आपल्या घराच्या पोटमाळ्यावर तीच इंजिने छोटी करून घडवायची, असा क्रम. १९७२ साली तो वारला. त्याच्या गाड्या पुढे मॅलाहाइडच्या किल्ल्यात १९८८ पासून २०१० पर्यंत मांडलेल्या होत्या. नंतर दहा वर्षे त्या खोक्यांत गेल्या आणि २०२० साली या गवती घरात पुन्हा उजेडात आल्या. लगेच कोविड आला आणि दारे बंद झाली, ही गोष्ट निराळी.

आता एखाद्याला वाटेल, खेळण्यातल्या गाड्यांचे एवढे काय! मलाही तसेच वाटत होते. पण आयर्लंडात हा छंद म्हणजे नुसता खेळ नाही, हे समजायला त्या देशाच्या रुळांची गोष्ट माहीत असावी लागते. ती थोडी गमतीची आहे आणि थोडी दुःखाची.

आयर्लंडची पहिली रेल्वे १७ डिसेंबर १८३४ला डब्लिन ते किंग्जटाउन धावली. आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या १८ वर्षे आधी. किंग्जटाउनला आता डन लेअरी म्हणतात. त्या रुळांमधले अंतर होते ४ फूट साडेआठ इंच, इंग्लंडातल्यासारखे. पाच वर्षांनी उत्तरेत बेलफास्टहून लिस्बर्नला अल्स्टर रेल्वे सुरू झाली, तिने अंतर ठेवले ६ फूट २ इंच. तिसरी कंपनी डब्लिन ते ड्रॉहेडा. तिने ५ फूट २ इंच ठरवले. एवढ्याशा बेटात तीन कंपन्या आणि तीन मापे! एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चढणे अशक्य. भांडण लंडनच्या सरकारदरबारी गेले. तिथे जनरल पास्ली म्हणून तपासनीस होते, त्यांच्याकडे १८४३ साली हा निवाडा आला. त्यांनी निर्णय दिला: ५ फूट ३ इंच. म्हणजे तिघांपैकी कोणाचेच नाही!

पास्लीसाहेबांनी तिन्ही मापांची सरासरी काढली, असे पुष्कळ जण सांगतात. जुन्या सवयीने मी ताळा करून पाहिला. तिघांची बेरीज भागिले तीन केले तर ५ फूट ४ इंचांच्या थोडे वर उत्तर येते. हिशेब जुळत नाही. दुसरी हकिगत अशी की, त्यांनी नामांकित इंजिनिअरांची मते मागवली, ती ५ फुटांपासून ५ फूट ६ इंचांपर्यंत पसरली होती आणि साहेबांनी बरोबर मध्य काढला. हे जुळते. १८४६च्या कायद्याने ते माप पक्के झाले. अल्स्टरवाल्यांना आपले रूळ उखडून पुन्हा टाकावे लागले. त्यांना भरपाई मिळाली. किंग्जटाउनची पहिली लाइनही १८५७ला मोठी करण्यात आली. आणि त्या मतांच्या वरच्या टोकाचे ५ फूट ६ इंच? ते पुढे आपल्याकडे आले, तीच आपली ब्रॉडगेज.

आता दुःखाचा भाग. १९२०च्या सुमारास त्या छोट्या देशात ५६०० किलोमीटर रेल्वे होती. आज निम्मीही उरलेली नाही. मोटार आली, बस आली, आणि तोट्यातल्या लाइनी एकेक करून मिटवल्या गेल्या. त्याआधी देशाचीच फाळणी झालेली. ग्रेट नॉर्दर्न ही कंपनी डब्लिन आणि बेलफास्ट जोडणारी. १९२१ नंतर तिच्या रुळांवरून सरहद्द गेली. कंपनी बुडायला आली तेव्हा १९५३ साली दोन्ही सरकारांनी मिळून ती चालवायला घेतली. पाचच वर्षांत, १९५८ला, वाटणी झाली. आणि वाटणी कशी? एका जातीची इंजिने असतील तर निम्मी इकडे, निम्मी तिकडे. घरातली भांडी भाऊ-भाऊ वाटून घेतात ना, तशी. आकाशी निळ्या रंगाची ती देखणी इंजिने होती. त्यांतले १९३२चे ‘मर्लिन’ हे आपल्या पाच भावंडांत एकटे शिल्लक आहे. १९६४ साली हौशी मंडळींनी रेल्वे जतन करणारी संस्था काढली, म्हणून निदान काही इंजिने भंगारातून वाचली.

छोट्या लाइनींचे हाल तर विचारू नयेत. क्लेअर परगण्यातली तीन फुटी वेस्ट क्लेअर रेल्वे उशिरासाठी बदनाम होती. पर्सी फ्रेंच हा गाणी रचून गाणारा कलावंत १८९६ साली किल्कीच्या कार्यक्रमाला निघाला आणि इंजीन वाटेतच बंद पडले. श्रोते उठून गेले. त्याने कंपनीवर दावा लावून दहा पौंड वसूल केले. कंपनीने अपील केले, तेव्हा तो कोर्टातही उशिरा पोहोचला आणि ‘काय करू, वेस्ट क्लेअरनेच आलो’ म्हणाला, असे सांगतात. त्या गाडीवर त्याने रचलेले गाणे तिथे अजून पाठ आहे. गाडी मात्र ३१ जानेवारी १९६१ला थांबली.

त्याहून विचित्र लिस्टोल-बॅलिबुनियनची लाइन. १८८८ साली सुरू झालेली ही नऊ मैलांची लाइन एकाच रुळावर चालायची! लार्टीग नावाच्या फ्रेंच माणसाची ही युक्ती. उलट्या ‘व्ही’सारख्या लोखंडी घोड्यांच्या डोक्यावरून एक रूळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना डबा लोंबकळणारा, गाढवाच्या पाठीवरच्या गोणीसारखा. इंजिनालाही दोन बाजूंना दोन बॉयलर. दोन्हीकडे वजन सारखे हवे, हा नियम. एका घरी पियानो न्यायचा होता, म्हणून दुसऱ्या बाजूला गाय चढवली. मग गाय परत आणायची तर तिच्यासमोर दोन वासरे. आणि वासरे परत पाठवताना अर्थात एक इकडे, एक तिकडे. गोष्ट खरी-खोटी देव जाणे, पण त्या गावात ती खरीच मानतात. यादवीत लाइनीचे नुकसान झाले आणि १९२४ला ती बंद झाली.

एवढे सगळे गेले, तेव्हा ते राहिले कुठे? पोटमाळ्यांवर, गॅरेजमध्ये, जेवणाच्या टेबलावर. आणि इथे पास्लीसाहेबांचे ते ५ फूट ३ इंच पुन्हा आडवे येते.

घरगुती आगगाड्यांचे रूळ दुकानात मिळतात, त्यांतले सर्वांत प्रचलित माप साडेसोळा मिलिमीटरचे. ब्रिटिश पद्धतीत एका फुटाला चार मिलिमीटर धरतात. त्या हिशेबाने साडेसोळा म्हणजे ४ फूट दीड इंच होतात. ब्रिटनच्या गाडीलाही ते अपुरेच. ही मूळ चूक जुनी आहे. ब्रिटिश इंजिने अंगाने लहान; त्या काळच्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात. म्हणून गाडी जरा मोठी केली आणि रूळ होते तेवढेच ठेवले. इंग्रज तेवढ्यावर निभावून नेतात. पण आयरिश गाडी साडेतेरा इंचांनी आखडते! समोरून पाहिली तर ती मोठ्या माणसाने पाय जुळवून उभे राहावे तशी अवघडलेली दिसते. खरे माप हवे तर सव्वापाच फूट गुणिले चार, बरोबर एकवीस मिलिमीटर. आणि एकवीस मिलिमीटरचे रूळ दुकानातल्या डब्यात येत नाहीत. पट्ट्या कापा, स्लीपर बसवा, रूळ डाखा, चाकांचे आस लांब करा. सांध्याचा एक काटा बसवायला कित्येक संध्याकाळी जातात.

यावरून हौशी मंडळींत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, चार हातांवरून कोणाला कळते? तयार रूळ घ्या, गाड्या पळवा, पोरांना मजा येऊ द्या. यात गैर काही नाही. आता आयरिश इंजिनांच्या सुरेख तयार प्रतिकृतीही मिळतात आणि त्या याच मापाच्या. दुसरा पंथ म्हणतो, इतरांना कळत नाही, पण मला माहीत असते ना! स्कॉटलंडमधल्या एका गृहस्थाने तर मोठ्या मापात, पावणेसदतीस मिलिमीटरच्या रुळांवर, आयर्लंडातले एक कल्पित गाव उभारले आणि त्याला मराया एजवर्थच्या १८००च्या कादंबरीचे नाव दिले, ‘कॅसल रॅकरेंट’. गाव खोटे, स्टेशन खोटे, पण रुळांचे अंतर तंतोतंत खरे. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला यावेगळे काय सांगायचे असते!

माझे मत विचाराल तर मी दुसऱ्या पंथाचा, आणि त्याला कारण आहे. नोकरीत काही वर्षे मी बार्शीच्या शाखेत होतो. तिथली अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ची. आम्ही तिच्या संथपणावर विनोद करायचो आणि घाई असली की एस्टीने जायचो. या शतकाच्या पहिल्या दशकात ती लाइन ब्रॉडगेज झाली. चांगलेच झाले, लोकांची सोय झाली. पण त्या गाडीचा डबा किती लांब होता, बाकडी कशी होती, खिडकीच्या पट्ट्या आडव्या की उभ्या, यांतले मला आज धड काही सांगता येत नाही. रोज पाहिलेली वस्तू! पुण्यात भाऊ जोशींनी छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ला लोकांसाठी उघडले, तेव्हा मुलीला घेऊन मी दोनदा गेलो होतो. तरी बार्शीच्या गाडीचे माप घ्यावे, असे तेव्हाही डोक्यात आले नाही. आपल्या ब्रॉडगेजला चार मिलिमीटरच्या हिशेबाने बावीस मिलिमीटर लागतात, आयरिशांपेक्षा एकच जास्त, बार्शीला दहा.

परतायच्या आदल्या दिवशी नातवाला घेऊन ‘लुआस’मध्ये बसलो. लुआस म्हणजे डब्लिनची ट्राम. तिची हिरवी लाइन बऱ्याच अंतरात जुन्या हारकोर्ट स्ट्रीट रेल्वेच्या वाटेवरून जाते. सॅम्युअल बेकेट लहानपणी त्या लाइनीवरच्या फॉक्सरॉकला राहायचा. १९५७ साली रेडिओवर झालेल्या त्याच्या ‘ऑल दॅट फॉल’ या श्रुतिकेत उशिरा येणारी गाडी आहे, आणि तिच्यातले स्टेशन या फॉक्सरॉकवरूनच बेतलेले मानतात. पुढच्याच वर्षी, ३१ डिसेंबर १९५८ला, लाइन बंद केली. २००४ साली त्याच वाटेवर लुआस आली, तेव्हा लोकांना केवढा आनंद झाला असेल! मिलटाउनला नऊ कमानींचा दगडी पूल आहे, तोही तोच. गाडी पुलावर आली तेव्हा नातू खिडकीला नाक लावून खालची नदी बघत होता. मी स्टेशनात उतरल्यावर रुळांकडे वाकून पाहिले. लुआसचे रूळ ४ फूट साडेआठ इंचांचे आहेत, बहुतेक युरोपसारखे. ‘आबा, काय पडले तुमचे?’ नातवाने विचारले. मी म्हटले, ‘साडेसहा इंच.’