भावाची फीत आणि पाच मिनिटांची कँडल

१८६७ साली एडवर्ड कॅलहन यांनी न्यूयॉर्कमध्ये घडवलेले टिकर यंत्र तारेने आलेले सौदे अरुंद कागदी फितीवर छापत असे: शेअरची खूण, नग, भाव. जाणकार त्या भावापेक्षा सौद्यांची लय वाचत. रिचर्ड वायकॉफ यांनी १९१० मध्ये 'रोलो टेप' या टोपणनावाने या विद्येवर पुस्तकच लिहिले. आजचा इंट्राडे ट्रेडर चार्ट पाहतो. दोन्हींचा कच्चा माल एकच, पण चार्ट त्यातले पुष्कळ गाळतो. समजा, पाच मिनिटांची कँडल ५०० वर उघडून ५०३ वर, तिच्या उच्चांकालाच, बंद झाली. कदाचित खरेदीदार शेवटपर्यंत भाव चढवत होते. किंवा पहिल्याच मिनिटात उसळी आली आणि उरलेला वेळ ५०३ ला कोणीतरी शांतपणे माल खपवत राहिला. कँडल दोन्ही वेळा सारखीच, व्हॉल्यूमही सारखा असू शकतो. फरक फक्त फितीला ठाऊक.

मग फीतच, म्हणजे प्रत्येक सौद्याची क्रमवार नोंद असलेली टेप, वाचावी, असे टेपचे अभ्यासक म्हणतात. माहिती तिच्यात जास्त असते, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण तिचे मोल ती वेळेवर आणि अखंड येण्यात आहे. २४ ऑक्टोबर १९२९ रोजी न्यूयॉर्कमध्ये सुमारे १ कोटी २९ लाख शेअरची उलाढाल झाली, तेव्हा बाजार दुपारी तीनला मिटूनही फीत संध्याकाळी सातनंतरपर्यंत छापतच होती. तिच्यावरचे भाव केव्हाच शिळे झाले होते. आपल्याकडे अडचण वेगळी आहे. घरच्या मोबाइलवर ब्रोकरकडून सहसा प्रत्येक सौदा येत नाही, ठरावीक अंतराने टिपलेली स्थिती येते. मधले सौदे बेरजेत जातात, क्रम हरवतो. अनेकजण पाच ओळींच्या मार्केट डेप्थलाच टेप समजतात, ही तर मोठीच गल्लत. तिथे दिसतात त्या ऑर्डरी, आणि त्या क्षणात मागे घेता येतात. फितीवर झालेलाच सौदा उमटतो.

चार्ट उशिरा सांगतो, हा आक्षेप मूव्हिंग अ‍ॅव्हरेजसारख्या इंडिकेटरना लागू पडतो. चालू कँडलचा भाव मात्र ताजाच असतो. म्हणून घरून ट्रेडिंग करणाऱ्याने पातळी चार्टवर ठरवावी, स्टॉपलॉस तिथेच आखावा आणि त्या पातळीला सौदे कसे पडतात एवढ्यापुरतीच फीत पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सेबीच्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये शेअरच्या रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात होत्या. तेव्हा टेप शिकवणाऱ्या वर्गाची फी भरण्याआधी ब्रोकरला एवढे विचाराच: माझ्या स्क्रीनवर प्रत्येक सौदा येतो का?