रस्ता रुंद झाला, पण ओलांडायचा कसा?

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शेजारी तालुके. मधून भीमा वाहते. शिरूरकरांच्या दारातून पुणे–अहिल्यानगर रस्ता जातो, तर दौंडकरांच्या शिवारातून पुणे–सोलापूर महामार्ग. हा महामार्ग पूर्वी ९ क्रमांकाचा होता. २०१० च्या फेरबदलात तो ६५ झाला. जुनी माणसं मात्र अजून ‘नगर रोड’ आणि ‘सोलापूर रोड’च म्हणतात.

या रस्त्यांवर लोक समाधानी आहेत का? यवत, केडगाव, पाटसच्या पारावर विचारा. माळवं पिकवणारा शेतकरी सांगेल, चौपदरी झाल्यापासून पुण्याचं मार्केटयार्ड जवळ आलं. रात्री गाडी भरली की पहाटे माल बाजारात. पण तोच पुढं म्हणेल, पलीकडच्या रानात बैल न्यायचा तर जीव मुठीत धरावा लागतो. मग काही ठिकाणी दुभाजक फोडून वाट काढली जाते आणि तिथंच घात होतो.

नगर रोडचं दुखणं वेगळं. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव इथं कंपन्यांच्या बस, कंटेनर आणि महागणपतीचे भाविक एकाच रस्त्यावर येतात. शिक्रापूरला चाकणची वाहतूकही येऊन मिळते. कोंडीवर उपाय म्हणून पुणे ते शिरूर उन्नत मार्ग आखला आहे. वरून जाणाऱ्याचा वेळ त्यानं वाचेल. पण खाली राहणाऱ्या गावाला सेवा रस्ता, गटार आणि दिवे लागणारच.

त्यात उसाचा हंगाम. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर अंधारात बंद पडला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिसतच नाही. काही रुपयांची लाल पट्टी माणूस वाचवते. ती लावल्याशिवाय ट्रॉली कारखान्याच्या गेटातून आत घ्यायची नाही, एवढं तरी करता येईल.

गावांनीही हातावर हात ठेवून बसू नये. भुयारी मार्ग कुठं हवा, हे ग्रामसभेत ठराव करून लेखी द्यावं. राष्ट्रीय महामार्गावर अपघात झाला तर १०३३ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो घराघरांत माहीत हवा.

गाड्या किती वेगानं पळतात, यावर रस्त्याचं मोल ठरवू नये. शाळेला गेलेलं पोरगं संध्याकाळी रस्ता ओलांडून सुखरूप घरी आलं, तर रस्ता चांगला.