कातळाला न जमलेले काम

महाड-पोलादपूरच्या मुलखात दगडाला तोटा नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला बेसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळ. रायगडाचे कडे याचेच. तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठभोवतीचे डोंगरही याचेच. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरायांची रंगीत चित्रे छापून विकली जाऊ लागली, तेव्हा हा कातळ त्या कामाचा नव्हता. ही चित्रे शिळाछापाने, म्हणजे दगडावरून छापली जात, आणि त्यासाठी नावाजलेला दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा, बारीक कणांचा चुनखडक. (आर्किऑप्टेरिक्स या आद्यपक्ष्याचा जीवाश्म याच खाणींत सापडला; १८६१ साली त्याचे नाव ठेवताना ‘लिथोग्राफिका’ हे पद आले ते या दगडावरूनच.)

चित्रे छापण्याची दुसरी रीत कोरण्याची. विलायतेत १८४२ पासून निघणारे ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ चित्रे लाकडात कोरून घेई. मोठा ठोकळा लहान तुकडे जोडून केलेला असे. घाई असली की तुकडे सुटे करून अनेक कारागिरांत वाटायचे.

शिळाछापात कोरणे नाहीच. आलोइस झेनेफेल्डरने १७९६च्या सुमारास शोधलेली ही युक्ती निव्वळ रसायनाची. मेण, चरबी, साबण आणि काजळी यांच्या खडूने घोटलेल्या दगडावर उलटे चित्र काढायचे. खडूतली मेदाम्ले दगडातल्या कॅल्शियमशी संयोग पावतात आणि पाण्यात न विरघळणारा साबण तयार होतो. मग डिंकात किंचित नायट्रिक आम्ल घालून वरून फिरवायचे. कोरी जागा पाणी धरून ठेवू लागते. दगड ओला करून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई रेषांवरच बसते. बेसाल्टची खनिजे सिलिकेटी, त्यांच्याकडून हा साबण होत नाही. शिवाय पुष्कळ ठिकाणी कातळ वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग शिळेवरच छापले. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि सहकाऱ्यांची पुण्यातली चित्रशाळा १८७८ची. तिने देवादिकांबरोबर शिवाजी महाराज आणि नाना फडणविसांनाही रंगीत छापले. १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. रंगीत काम खर्चाचे आणि कटकटीचे: प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, कागद केसभर सरकला तरी ओठांचा लाल रंग गालावर. माझ्या मते या चित्रांचे खरे कौशल्य चेहऱ्यांपेक्षा या जुळणीत आहे.

काम संपले की वाळू-पाण्याने घासून शिळा पुन्हा कोरी करीत. त्यामुळे हजारो प्रती देणारी मूळ रेखाटने बहुधा छापखान्यातच पुसली गेली. पुढे दगडाची जागा जस्ताच्या आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्यांनी घेतली. आजचे ऑफसेट यंत्र तेल-पाण्याच्या त्याच वैरावर चालते.