पंचेतच्या पाण्याखाली

बुधनी मेझान नोव्हेंबर २०२३मध्ये गेली. कोलकात्यातल्या आम्हा मराठी मंडळींत तिचं साधं नावही निघालं नाही, हे मला अजून सलतं. ज्या पंचेत धरणाच्या काठी आमच्या सहली रंगल्या, त्याच्या उद्घाटनाचं बटण ६ डिसेंबर १९५९ रोजी नेहरूंच्या उपस्थितीत याच संथाळ मजूर मुलीनं दाबलं होतं.

१९४३चा दामोदर नदीचा पूर, १९४८मध्ये स्थापन झालेलं दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन, मग तिलैया, कोनार, मैथन, पंचेत. हे सगळं पाठ्यपुस्तकांतून येऊन गेलंय. मन अडकतं ते १९८०च्या दशकात. थंडी पडली की हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात सहलीची बोलणी सुरू होत. हावड्याहून ब्लॅक डायमंड एक्स्प्रेस, बराकरला उतरून कल्याणेश्वरीचं दर्शन, मैथनच्या जलाशयात नावेची फेरी आणि मग पंचेत. डब्यात पुरी-भाजी, सोबत खजुराचा नवा गूळ. तेव्हा तिथे पाण्याचा आवाज ऐकू यायचा. आता डिसेंबरात डीजेपुढे काही ऐकू येत नाही, आणि काठ थर्मोकोलच्या ताटल्यांनी भरलेला असतो.

पंचकोटच्या डोंगराशी पडकी देवळं दिसली की गावकरी सांगत, हे बर्गींनी लुटलं. म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी, १७४०च्या दशकात. आमच्यातले काही लगेच विषय बदलत. मला तेव्हाही ते विषय बदलणं पटत नसे. ऐकून घ्यायला हवं होतं.

पाण्यानं नेलेल्या देवळांबद्दल मात्र आम्हाला कुणी अवाक्षर सांगितलं नाही. दामोदरकाठच्या तेलकुपीत जुन्या मंदिरांचा मोठा समूह होता. पुरातत्त्व सर्वेक्षक बेगलरनं १८७०च्या दशकात त्याची नोंद केली होती. पंचेतचा जलाशय भरला आणि बहुतेक मंदिरं बुडाली. पुरातत्त्वज्ञ देबला मित्रांनी १९६९मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा वाचवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

बुधनीचंही तेच. उद्घाटनाच्या समारंभातल्या नेहरूंसोबतच्या हाराचा अर्थ त्यांच्याशी लग्न असा लावून समाजानं तिला वाळीत टाकलं. १९६२मध्ये कॉर्पोरेशननं कामावरून काढलं. आम्ही काठावर पंगती मांडत होतो त्या दशकाच्या मध्यापर्यंत, राजीव गांधींच्या काळात पुन्हा नोकरी मिळेतो, ती मोलमजुरी करत होती.

इतकं घेऊन खोऱ्याला मिळालं काय? आखलेली सगळी धरणं झालीच नाहीत, झालेली गाळानं भरत चालली आहेत. सप्टेंबर २०२४मध्ये खालचे जिल्हे बुडाले तेव्हा पश्चिम बंगाल सरकार आणि कॉर्पोरेशन सोडलेल्या पाण्यावरून भांडत राहिले.

यंदा पंचेतला जाल तर मुलांना धरणाची उंची सांगण्याआधी बुधनीचं नाव सांगा, आणि तेलकुपीचं.