पंखाच्या मुळाशी एक मिलिमीटर

‘मरुत’ हे आपल्याकडे विकसित झालेलं पहिलं लढाऊ जेट. डिझाइन जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूत झालं, पहिलं उड्डाण जून १९६१ मध्ये. त्याचं १:७२ चं प्लास्टिक किट आम्ही जोडायला घेतलं. जेमतेम २२ सेंटिमीटरचं विमान, पण चार महिने पुरलं!

थोड्याच प्रती काढायच्या किटचे साचे साधे असतात. भाग नेमके बसवणाऱ्या खुंट्या नि भोकं त्यात बहुधा नसतातच. पंखाचा कोन नजरेनंच ठरवायचा. आमच्या पंखाच्या मुळाशी एक मिलिमीटर फट राहिली. आता ७२ ने गुणा. खऱ्या विमानावर सात सेंटिमीटर. हात आत जाईल की हो!

फटीत पुटी भरली. पुटी वाळताना आक्रसते, त्यामुळे शिवण परत दिसायला लागते. परत पुटी, परत पॉलिश पेपर. खरा घोळ इथे झाला. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून मरुतचं धड पंखांपाशी कमरेसारखं आत घेतलेलं आहे. आम्ही भरत नि सपाट करत गेलो, आणि ती कंबरच बुजली. विमान गुळगुळीत झालं, पण मरुत राहिलं नाही. सगळी पुटी खरवडली, फटीत प्लास्टिकची बारीक पट्टी चिकटवली. पट्टी आक्रसत नाही. हे आधी सुचायला हवं होतं.

या गडबडीत नाकात वजन भरायचं राहिलं. चाकांवर उभं करताच विमान शेपटीवर बसलं. सध्या शेपटीखाली काडी लावलीय.