प्रवासी नोंदणी, जहाजावरील

जहाजात प्रवेश करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची ओळख पटवून तिची नोंद करण्याची, तसेच तिला प्रवेशपत्र व राहण्याच्या कक्षाची किल्ली देण्याची पद्धती. पूर्वी हे काम बंदरावरील कारकून कागदी यादीवरून करीत. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून मोठ्या सहल-जहाजांवर (क्रूझ) ते बव्हंशी प्रवाशाच्या स्मार्टफोनमधील ॲपद्वारे होऊ लागले. प्रवाशाला त्यात रांग टळण्याची सोय दिसते. परंतु या पद्धतीचे मूळ प्रयोजन जहाजावर नेमके कोण व किती आहेत हे केव्हाही सांगता यावे, हे होय.

पूर्वपीठिका : तिकीट आणि नोंदणी यांतील फरक कोकणच्या जलवाहतुकीच्या इतिहासात ठळकपणे दिसतो. रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील धरमतर हे अंबा नदीच्या खाडीवरील जुने बंदर. ही खाडी रोहे तालुक्यातील नागोठण्यापासून खाली येऊन रेवस व करंजा यांच्या दरम्यान मुंबई बंदराच्या जलाशयास मिळते. रस्ते व पूल होण्यापूर्वी मुंबईहून आगबोटीने धरमतरास उतरून पुढे खुष्कीच्या मार्गाने पेण, अलिबाग, महाड या बाजूंस जाण्याचा प्रघात होता. अशा जवळच्या फेऱ्यांचे तिकीट म्हणजे भाडे भरल्याची केवळ पावती असे. तीवर प्रवाशाचे नाव नसे. फेरी थोड्या वेळाची असल्याने कक्ष व किल्ली यांचाही प्रश्न नव्हता.

या व्यवस्थेतील उणीव १७ जुलै १९४७ रोजी प्रकट झाली. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट वादळी पावसात रेवसनजीक, म्हणजे धरमतर खाडीच्या मुखाजवळ, बुडाली व सहाशेंहून अधिक माणसे मृत्यू पावली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. त्यामुळे मुंबईस ही वार्ता काही तासांनंतर, पोहून वाचलेल्यांकडून कळली. मृतांचा आकडा निरनिराळ्या वृत्तांतांत आजही वेगवेगळा आढळतो. ज्यांची नावे कोठेच लिहिलेली नव्हती, त्यांची गणती मागे राहिलेल्या नातलगांच्या सांगण्यावरूनच करावी लागली.

आंतरराष्ट्रीय नियम : ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुग बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ हे जहाज उलटून १९३ जण दगावले. त्या वेळीही जहाजावर किती माणसे होती, हे लगेच सांगता आले नाही. सागरी जीवितरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात (सोलास) पुढे यासंबंधी स्पष्ट तरतूद झाली. तीनुसार प्रवासी जहाज सुटण्यापूर्वी त्यावरील सर्वांची मोजदाद करावी लागते व विशेष मदतीची गरज असणाऱ्यांची माहिती कप्तानास द्यावी लागते. १ जानेवारी १९९९ पासून नावे, तसेच प्रौढ, मुले व अर्भके असा भेद नोंदविणेही आवश्यक ठरले. हा करार मुख्यत्वे आंतरराष्ट्रीय सफरींना लागू असून बंदरातील लहान फेऱ्या देशांतर्गत नियमांखाली येतात.

कार्यपद्धती : प्रवासी घरबसल्या ॲपमध्ये आपले नाव, जन्मतारीख, पारपत्राचा अथवा देशांतर्गत सफरीत अन्य ओळखपत्राचा तपशील, संकटकाळी कळवावयाचा पत्ता आणि स्वतःचे छायाचित्र भरतो. त्यावरून त्यास संकेतचौकट (क्यूआर कोड) असलेले प्रवेशपत्र व बंदरावर येण्याची वेळ मिळते. बंदरावर मूळ कागदपत्रे व सामान यांची तपासणी होते. जहाजाच्या दाराशी संकेतचौकट वाचली जाताच पडद्यावर त्या व्यक्तीचे छायाचित्र येते. चेहरा जुळल्यावरच ती ‘जहाजावर’ असल्याची नोंद होते. वाटेतील बंदरात उतरताना व परतताना हीच क्रिया पुन्हा होते. त्यामुळे नांगर उचलण्यापूर्वी कोण परतले नाही, हे तत्काळ कळते.

कक्षाची किल्ली बहुतेक जहाजांवर अद्याप पत्त्याच्या आकाराचे कार्ड असते. काही कंपन्यांनी मनगटी पट्टा अथवा पदक वापरात आणले असून काही जहाजांवर फोननेच दार उघडते. फोन अल्प पल्ल्याच्या रेडिओ लहरींनी सांकेतिक परवाना कुलपाकडे पाठवितो. तो त्या कक्षाचा व त्या मुदतीतील असेल, तरच खिट्टी सरकते. सफर संपताच परवाना आपोआप रद्द होतो. हरवलेल्या धातूच्या किल्लीपायी कुलूप बदलावे लागे, तसे येथे करावे लागत नाही. भर समुद्रात ॲप जहाजाच्या अंतर्गत बिनतारी जालावर चालते.

संकटकाळी जमण्याच्या जागेची माहिती प्रत्येकाने घेणे बंधनकारक असते. २०२० पासून काही जहाजांवर सुरक्षिततेची चित्रफीत फोनवर पाहून व नेमलेल्या जागी हजेरी देऊन हे काम टप्प्याटप्प्याने करण्यात येऊ लागले.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबई–गोवा मार्गावर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ हे जहाज सुरू झाले, ती सेवा पुढे बंद पडली. २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीने मुंबईहून सफरी सुरू केल्या; प्रवासापूर्वी संगणकीय नोंदणी करण्याची पद्धत तेथे आहे. भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहनेही नेणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली असून तिचे आरक्षण आंतरजालावरून करता येते. धरमतर येथे मात्र आता मुख्यतः डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या मालाची चढउतार होते.

मर्यादा : फोनची विद्युत्‌शक्ती संपणे, तो पाण्यात पडणे अथवा वृद्ध प्रवाशाजवळ तो नसणे, या अडचणींमुळे कार्ड व मदत-खिडकी पूर्णतः टाळता येत नाहीत. छायाचित्रे व ओळखपत्रांचे तपशील कंपनीजवळ साठत असल्याने त्यांच्या गोपनीयतेचा प्रश्नही उद्‌भवतो. शिवाय यंत्र मोजते ते त्याच्यासमोरून जाणाऱ्यांनाच. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून बुडालेल्या ‘नीलकमल’ या घारापुरीच्या बोटीवर ८४ प्रवाशांची मर्यादा असताना शंभराहून अधिक माणसे होती. तेव्हा साधन कागदी असो वा संगणकीय, सुटण्यापूर्वी माणसे मोजण्याची आणि मर्यादा ओलांडल्यास बोट न सोडण्याची शिस्त पाळली गेली, तरच नोंदणीचा हेतू सफल होतो.